डाळीच्या डब्यातला हिशेब

९ नोव्हेंबर २०१६ची सकाळ. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टीव्हीवर येऊन पाचशे आणि हजारच्या नोटा मध्यरात्रीपासून बाद होणार असं सांगितलं होतं. सकाळचा चहा होईपर्यंत आमच्या घरात सगळ्यांची पाकिटं तपासून झाली. बाबांकडे तीन नोटा, आईकडे पाच, माझ्याकडे एक. तेवढ्यात आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात तूरडाळीचा स्टीलचा डबा होता. तो टेबलावर ठेवून ती म्हणाली, "हे पण बघा रे जरा."

वरची डाळ परातीत ओतली तेव्हा खालून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं पुडकं निघालं. पाचशेच्या सव्वीस आणि हजारच्या नऊ नोटा. बावीस हजार रुपये. बाबा बघतच राहिले. मी हसत म्हणाले, "आजी, तुझ्याकडे काळा पैसा!" सगळे हसले. त्या आठवड्यात हा विनोद देशातल्या कितीतरी घरांत झाला असेल. व्हॉट्सॲपवर तर बायकांच्या लपवलेल्या पैशांवरच्या विनोदांचा पूर आला होता.

आजी हसली नाही. "माझे आहेत. मी ठेवलेत," एवढंच म्हणाली आणि परातीतली डाळ परत डब्यात भरू लागली.

दोन दिवसांनी मी तिला बँकेत घेऊन गेले. साडेतीन तास रांगेत. खिडकीवरच्या माणसाने नोटा मोजल्या आणि विचारलं, "मावशी, एवढे कुठून आले?" आजी एक्क्याऐंशी वर्षांची होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी घाईने म्हणाले, "घरातलेच आहेत, साठवलेले." पैसे तिच्या पेन्शनच्या खात्यात जमा झाले. त्या खात्याला मोबाइल नंबर बाबांचा जोडलेला होता. आम्ही रिक्षात बसलो तोवर बाबांचा फोन आला, "झालं ना काम? मेसेज आला मला."

आजी घरी येईपर्यंत काही बोलली नाही. ती का बोलली नाही हे कळायला मला तीन वर्षं लागली.

सही केलेल्या वह्या

आजी २०१९ मध्ये गेली. तिच्या ट्रंकेत हिशेबाच्या एकतीस वह्या निघाल्या. लाल पुठ्ठ्याच्या, लांबट. पहिली १९५६ची, म्हणजे लग्नानंतरच्या वर्षाची. आजोबा सरकारी कचेरीत कारकून होते. पगार झाला की घरखर्चाचे पैसे ते आजीच्या हातात देत आणि महिना संपला की वही मागून घेऊन वाचत. प्रत्येक महिन्याच्या खाली त्यांची सही आहे. एकतीस वर्षं. लेखापरीक्षण म्हणतात ते हेच.

मी इतिहासात एम. ए. केलेलं आहे. आम्हाला वर्गात शिकवलं होतं की कागद हाती आला की आधी विचारायचं, हा कोणासाठी लिहिला आहे? तरीही पहिल्यांदा वह्या चाळताना मी त्या भोळेपणानेच वाचल्या. त्यात रमायला होतंही तसंच.

१९५७च्या वहीच्या शेवटच्या पानावर आजीने एक कोष्टक काढलेलं आहे. त्या वर्षी १ एप्रिलला देशात दशमान नाणी आली. तोवर एका रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. आता एका रुपयाचे १०० नवे पैसे. चार आण्यांचे २५ आणि आठ आण्यांचे ५० हे सरळ होतं. पण एका आण्याचे होतात सव्वासहा, आणि पाव पैशाचं नाणं नव्हतंच. म्हणून सरकारी कोष्टकात एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९ असं ठरवलं गेलं. आजीच्या कोष्टकाशेजारी बारीक अक्षरात लिहिलं आहे, "एकेक आण्याचे चारदा घेतल्यास २४. एकदम घेतल्यास २५." पुढचे कित्येक महिने कोथिंबीर, मिरच्या, आलं, लिंबं वेगवेगळ्या दिवशी एकेक आण्याची आणलेली दिसतात. एका नव्या पैशासाठी चार फेऱ्या!

मग वजनं बदलली. शेर, अच्छेर, पावशेर जाऊन किलो आणि ग्रॅम आले. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, त्यामुळे किलो शेरापेक्षा थोडा मोठा. दुकानदार "माप मोठं झालंय बाई" म्हणून भाव वाढवणार, आणि तो किती वाढवला म्हणजे रास्त, हे गिऱ्हाइकाने मनातल्या मनात काढायचं. हे गणित देशातल्या कोट्यवधी बायकांनी दुकानाच्या फळीसमोर उभं राहून केलं. त्यांतल्या बहुतेकजणी शाळेत फार शिकलेल्या नव्हत्या. आजी चौथी पास होती.

वह्यांत न लिहिलेली काटकसर याहून मोठी. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालींची चटणी, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची धिरडी. रात्रीचा भात सकाळी फोडणीला, शिळी पोळी कुस्करून कांद्यावर परतलेली. साय साठवून तूप, तुपाची बेरी पोरांना. जुन्या नऊवारीची आधी गोधडी, मग पायपुसणं, शेवटी पोतेरं. साबणाची चिपळी नव्या वडीला चिकटवायची. नारळाच्या करवंट्या बंबात. यातलं काहीही वहीत येत नाही, कारण वहीत फक्त गेलेला पैसा लिहितात, न गेलेल्या पैशाला रकाना नसतो.

किरकोळ

वह्या तिसऱ्यांदा चाळताना एक गोष्ट खटकली. आजीचे आकडे सगळे वेडेवाकडे आहेत. साखर इतके रुपये पंधरा पैसे, दळण पस्तीस पैसे, भाजी बासष्ट पैसे. खरा खर्च असाच असतो. पण महिन्यातून दोनदा "किरकोळ" अशी नोंद येते आणि तिच्यापुढचा आकडा नेहमी गोल. सुरुवातीला १.००, मग २.००, १९७०च्या आसपास ५.००. किरकोळ खर्च दर महिन्याला दोनदा बरोब्बर पाच रुपये कसा होईल?

मी आत्याला फोन केला. ती हसायलाच लागली. म्हणाली, "अगं, ते डब्यातलं."

बचत खर्च म्हणून लिहिली जात होती. आजोबा वही वाचत, सही करत, आणि ज्या पैशावर सही करत तो पैसा डाळीच्या डब्यात असे. आजोबा वाईट नव्हते. दारू नाही, जुगार नाही, पगार जसाच्या तसा घरी. पण "उरले" असं लिहिलं असतं, तर पुढच्या महिन्याचे पैसे तेवढ्याने कमी आले असते. यात त्यांना काही चूक वाटलं नसतं. पैसा त्यांचा होता, त्यातून वाचलेला पैसाही त्यांचाच. आजी त्यात काय घालते ते कुणी मोजत नव्हतं.

१९७४ साली आत्या अकरावी मॅट्रिक झाली. तिला टायपिंग आणि शॉर्टहँडचा क्लास लावायचा होता. आजोबा नको म्हणाले. महागाई एवढी, आणि दोन वर्षांत लग्न करायचं. आजीने क्लासची फी डब्यातून भरली. वहीत त्या महिन्यात "किरकोळ" नाहीच. आत्याला पुढे नोकरी लागली आणि तिच्या पगारातून धाकट्या दोघांची शिक्षणं झाली, त्यातले एक माझे बाबा. आमचं घर ज्याला आम्ही "आजोबांच्या पुण्याईने उभं राहिलेलं" म्हणत आलो, त्याचा पाया थोडासा डाळीतही होता.

काटकसर संपते तिथे

१९७४ हे वर्ष नीट समजून घ्यायला हवं, कारण हातात काटकसरीच्या सगळ्या युक्त्या असूनही बायकांना घराबाहेर पडावं लागलं ते याच सुमारास.

मुंबईला टंचाई नवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, शहरात रेशनिंग सुरू झालं आणि रेशन कार्ड ही प्रत्येक घरातली जपून ठेवायची वस्तू झाली. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी देशाला आठवड्यातून एक जेवण सोडायला सांगितलं आणि कितीतरी मराठी घरांतल्या चुली सोमवारी रात्री बंद राहू लागल्या. पण १९७२चा दुष्काळ वेगळा होता. गावाकडे लोक खडी फोडायला गेले, सुकडी खाऊन राहिले. शहरात रेशनवर परदेशातून आलेला मिलो मिळू लागला. त्या लालसर ज्वारीच्या भाकरीचं नाव काढलं तरी आत्या अजून तोंड वाकडं करते.

त्यावर ऑक्टोबर १९७३ नंतर कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत चौपट झाला. रॉकेल, खत, वाहतूक, सगळंच महागलं. देशातल्या घाऊक किमती १९७३-७४ मध्ये सुमारे २० टक्क्यांनी आणि १९७४-७५ मध्ये सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्या. या दोन आकड्यांचा घरातला अर्थ असा, की शंभर रुपयांचं सामान एका वर्षात एकशेवीसला आणि दुसऱ्या वर्षात दीडशेला. दोडक्याच्या शिरांची चटणी करून हे पन्नास रुपये भरून निघत नाहीत. काटकसरीला तळ असतो. सालींची चटणी केल्यानंतर साल उरत नाही.

आणि पैसे देऊनही वस्तू मिळेना. साखर, गोडेतेल, रवा, वनस्पती तूप दुकानातून गायब. रॉकेलच्या रांगेत पहाटेपासून डबे लावलेले. रांगेत उभं राहण्याचा वेळ कोणाचा गेला हे सांगायला नको.

१९७२ मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट तारा रेड्डी अशा एरवी वेगवेगळ्या व्यासपीठांवर असणाऱ्या बायका एकत्र आल्या. प्रमिला दंडवतेही त्यात होत्या. त्यांनी हातात घेतली ती रोजची लाटणी आणि थाळ्या. मोर्चात थाळीवर लाटणं बडवायचं. रिकाम्या थाळीचा आवाज काय सांगतो हे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. चाळींतून, वस्त्यांतून, मध्यमवर्गीय बिल्डिंगांतून बायका आल्या. त्यांतल्या अनेकींनी त्याआधी सभेत पाऊलही टाकलं नव्हतं. रेशनवर पुरेसं धान्य, तेल, साखर, रॉकेल द्या आणि साठेबाज पकडा, एवढी साधी मागणी होती.

आजी गोरेगावला राहत होती आणि तिथे मृणालताईंना कोण ओळखत नव्हतं! पाण्यासाठी त्यांनी इतकी आंदोलनं केली होती की "पाणीवाली बाई" हेच त्यांचं नाव झालं होतं. आजीच्या १९७३च्या वहीत एका पानावर ही नोंद आहे: "रेल्वे, चर्चगेट जाऊन-येऊन. मोर्चा." आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, "लाटणं नवीन, १."

आत्याला विचारलं. म्हणाली, जुनं मोर्चात मोडलं.

महिन्याच्या खाली आजोबांची नेहमीसारखी सही आहे. मोर्चाचं तिकीट आजीने "किरकोळ"मध्ये लपवलं नाही. घरखर्च म्हणूनच लिहिलं, आणि ते आजोबांनी मान्य केलं. मला या एका ओळीचं फार अप्रूप वाटतं. डाळीत पैसे लपवणारी बाई मोर्चा मात्र लपवत नाही. तिच्या लेखी तेलाचा भाव कमी करायला जाणं हे तेल पुरवून वापरण्याइतकंच घरकाम होतं.

हे फक्त मुंबईतच घडत होतं असं नाही. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचं बिल वाढलं म्हणून मुलं बिथरली. त्यातून नवनिर्माण आंदोलन पेटलं आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये गुजरातच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. मे महिन्यात देशभर रेल्वेचा संप झाला. जुलैमध्ये सरकारने महागाई आटोक्यात आणण्यासाठी वटहुकूम काढला. नोकरदारांना वाढीव महागाई भत्त्यातला अर्धा भाग सक्तीने ठेव म्हणून सरकारकडे ठेवावा लागला. म्हणजे आजोबांच्या पगारातून सरकारनेही "किरकोळ" बाजूला काढायला सुरुवात केली! फरक इतकाच की सरकारने ते उघडपणे केलं आणि त्याला देशहित म्हटलं गेलं. पुढच्या वर्षी आणीबाणी आली. मृणाल गोरे आधी भूमिगत राहिल्या, मग तुरुंगात गेल्या. १९७७च्या निवडणुकीत त्या आणि अहिल्या रांगणेकर दोघी मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या.

एकटीचा डबा, सगळ्यांची यादी

मोर्चाने भाव काही दिवस खाली येतो, पुन्हा वर जातो. मग दर महिन्याचं काय? याला त्या काळातल्या लोकांनी दिलेली उत्तरं आजच्या कुठल्याही "पैसे वाचवण्याच्या दहा टिप्स"पेक्षा मोलाची आहेत.

एक उत्तर सहकाराचं. नायगावच्या कामगारांनी १९४८ मध्ये सुरू केलेलं दुकान पुढे "अपना बाजार" म्हणून मोठं झालं. १९६८ मध्ये सहकारी भांडार आलं. दुसरं उत्तर ग्राहक पंचायतीचं. बिंदुमाधव जोशी यांनी ही चळवळ उभारली, आणि गीतरामायणाचे संगीतकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते सुधीर फडके या कामात त्यांच्याबरोबर होते. १९७५च्या सुमारास मुंबईत ग्राहक पंचायतीचं काम सुरू झालं. शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून एक संघ करायचा, महिन्याच्या सामानाची यादी एकत्र करायची, पैसे आधी भरायचे. सगळ्या संघांच्या याद्या एकत्र झाल्या की माल थेट उत्पादकाकडून किंवा घाऊक बाजारातून घ्यायचा. तो एका सभासदाच्या घरी उतरवायचा आणि सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. दुकान नाही, भाडं नाही, मधला नफा नाही. आमच्या आईच्या लहानपणीच्या आठवणींत अशा वाटपाच्या दिवसाचा वास आहे: गूळ, हिंग, नवी चहापत्ती आणि गोणपाट.

यातली मेख लक्षात घ्या. एकटी बाई दुकानदाराशी घासाघीस करून चार आणे कमी करून घेईल. वीस घरं एकत्र आली तर दुकानदाराची गरजच उरत नाही.

तिसरं उत्तर भिशी. बारा बायका, प्रत्येकीचे महिन्याला पन्नास. दर महिन्याला चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिला सहाशे. जिला पहिल्या महिन्यात मिळाले तिला ते बिनव्याजी कर्ज, आणि जिला शेवटी मिळाले तिची ती बिनव्याजी ठेव. बँकेच्या दृष्टीने शेवटचीचा तोटाच. पण बँकेत घरच्या माणसाच्या सहीशिवाय जाता येत नसेल, घरात ठेवलेले पैसे कुणीतरी मागणार असेल, तर जिथून आपणही मधेच काढू शकत नाही अशी जागा हीच सर्वांत सुरक्षित. आणि "भिशीला जाते" म्हटलं की कुणी काही विचारत नसे. चहा, चिवडा आणि गप्पा एवढंच त्यांना दिसे.

सरकारलाही या पैशाचा सुगावा होता. १९७२ मध्ये पोस्टाच्या आवर्त ठेवींसाठी महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना सुरू झाली. बायकाच एजंट, त्या घरोघर जाऊन दर महिन्याला पैसे गोळा करणार आणि त्यावर त्यांना चार टक्के कमिशन. दुपारच्या वेळी, पुरुष कामावर असताना येणाऱ्या अल्पबचतवाल्या बाई चाळीच्या जिन्यावर दिसल्या की दारं उघडत. काही घरांत पासबुकही त्यांच्याकडेच ठेवलेलं असे.

चौथं उत्तर गिरणगावातलं. तिथल्या खानावळवाल्या बायका गिरणी कामगारांना दोन वेळचं जेवण घालत. किराणा उधारीवर, कामगारांचे पैसे पगाराला, मधले दिवस दागिना गहाण ठेवून किंवा सावकाराच्या भरमसाट व्याजावर. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून दिली. १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालेलं होतं. ज्या बाईकडे तारण ठेवायला काही नाही, तिला नुसत्या कामाच्या भरवशावर कर्ज द्यायचं, ही गोष्ट तेव्हा नवी होती. घरात पोळ्या लाटणं आणि पैसे मिळवणं यांत फारसं अंतर नाही हे गिरगावात १९५९ सालीच सात बायकांनी दाखवलं होतं. ८० रुपये उसने घेऊन त्यांनी गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली होती. त्यातून लिज्जत पापड उभं राहिलं.

पैसा कोणाचा?

आता पुन्हा बँकेच्या खिडकीकडे. "मावशी, एवढे कुठून आले?"

त्या प्रश्नाचा इतिहास शोधायला लागले तेव्हा कळलं की हा प्रश्न न्यायालयांनाही पडत आलेला आहे, बहुतेक वेळा बाई मेल्यावर. अपघातात गृहिणी गेली तर भरपाई किती द्यायची? तिला पगार नव्हता, मग घराचं नुकसान काय झालं? २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आगीच्या प्रकरणात गृहिणीच्या कामाची किंमत महिन्याला तीन हजार रुपये धरली. २०१० मध्ये त्याच न्यायालयाने जनगणनेवर बोट ठेवलं. २००१च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्याबरोबर, उत्पादक काम न करणाऱ्यांच्या गटात टाकलेलं होतं. ज्या बाईने चार आण्यांचे चार भाग करून एक नवा पैसा वाचवला, ती देशाच्या दप्तरात काहीच करत नव्हती.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम रोज करणाऱ्या बायका ८१ टक्के, पुरुष २६ टक्के. करणाऱ्यांपैकी बाईचा दिवसातला सरासरी वेळ २९९ मिनिटं, पुरुषाचा ९७. म्हणजे जवळजवळ पाच तास आणि दीड तास.

नोटाबंदीतल्या गृहिणींच्या पैशाचंही प्रकरण न्यायाधिकरणापर्यंत गेलं. २०२१ मध्ये प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा पीठाने म्हटलं की गृहिणीने त्या काळात अडीच लाखांपर्यंत भरलेली रोकड तिचं लपवलेलं उत्पन्न धरता येणार नाही. घरखर्चातून बायका वर्षानुवर्षं बाजूला ठेवतात, हे एका सरकारी निकालाने मान्य केलं. आणि जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत घर सांभाळणाऱ्या बायकोचाही हातभार असतो, म्हणून तिचा त्यात वाटा आहे, असं त्या निकालात म्हटलं आहे.

हे निकाल आजीला वाचून दाखवायला हवे होते. तिला त्यांची गरज होती असं नाही. "माझे आहेत. मी ठेवलेत," यात तिने निकाल आधीच दिलेला होता. गरज मला होती. कारण त्या दिवशी टेबलाभोवती जे हसले, त्यांत सगळ्यांत मोठ्याने मी हसले होते.

माझा महिना

मी आता पुण्यात भाड्याने राहते. माझ्या पैशावर कुणाची सही लागत नाही. माझा प्रत्येक खर्च फोनमध्ये आपोआप नोंदला जातो, वेगळी वही नको. महिन्याच्या शेवटी ॲप मला रंगीत वर्तुळ काढून दाखवतं. गेल्या महिन्यात दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या ॲपवरून मी एकोणीस वेळा मागवलं. तेरा वेळा फक्त कोथिंबीर, दही, अंडी असलं काहीतरी. प्रत्येक वेळी हाताळणीचा आकार, कधी कमी रकमेच्या ऑर्डरचा आकार. वर "तुम्ही ३२ रुपये वाचवलेत" असं हिरव्या अक्षरात. आजी एकेक आण्याच्या चार खरेद्या करून एक पैसा वाचवत होती. मी त्याच चार खरेद्या करून साठ रुपये घालवते आणि वाचवले म्हणून खूश होते.

आजीसारखं जगा असं मला सांगायचं नाही. तिच्या काटकसरीत तिचे पाय दुखायचे आणि दुपारची झोप जायची. रांगेत गेलेली वर्षं वेगळीच. तिचे कष्ट आपल्याला फुकट मिळाले म्हणून ते सुंदर होते असं म्हणणं सोपं आहे. पण तिच्या पिढीला दोन गोष्टी कळल्या होत्या ज्या माझ्या ॲपमध्ये नाहीत. एक, भाव ही दुकानदाराने सांगितली म्हणून मान्य करायची गोष्ट नाही. वीस घरं एकत्र आली तर तो बदलतो, हजार बायका रस्त्यावर आल्या तरी बदलतो. दुसरी, पैसा वाचवणं आणि तो पैसा आपला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जमली की दुसरी आपोआप जमत नाही.

गेल्या दिवाळीत मी आईला पोस्टात घेऊन गेले आणि तिच्या एकटीच्या नावावर खातं उघडलं. फॉर्मवर मोबाइल नंबरचा रकाना आला तेव्हा तिने सवयीने बाबांचा नंबर सांगायला सुरुवात केली. चार आकडे सांगून झाल्यावर थांबली. मग स्वतःचा फोन पर्समधून काढून त्यातून बघून नंबर लिहिला. तिला तो पाठ नव्हता.

आमच्या बिल्डिंगमध्ये आता आम्ही सहा घरं तांदूळ, डाळ आणि गूळ एकत्र मागवतो. पहिलं पोतं माझ्या हॉलमध्ये उतरलं. वाटून झाल्यावर फरशीवर पडलेले डाळीचे दाणे मी एकेक करून वेचले. दोन चमचेही नसतील, पण टाकवले नाहीत.